सभेपर्यंत पोहोचवणाऱ्यांचे आभार
माझ्या धाकट्या भावाला, दारू सोडण्यासाठी एकमेकांना आधार देणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या सभेपर्यंत ज्यांनी पोहोचवले, त्यांची नावे मला ठाऊक नाहीत आणि तेथील निनावीपणाच्या परंपरेचा मान राखून मी ती विचारलीही नाहीत. त्या सर्वांचे मी जाहीर आभार मानते.

हेल्पलाइनवरील गृहस्थांनी सभेचा पत्ता देण्याआधी भाऊ रोज पितो का, हे विचारले आणि दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, म्हणून प्रथम डॉक्टरांना दाखवा, असे निक्षून सांगितले. हा सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटतो. खुल्या सभेला नातेवाईकही बसू शकतात, बंद सभा मात्र दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठीच असते, हेही त्यांनी समजावले; त्यामुळे पहिल्या दिवशी मी भावासोबत जाऊ शकले.

तेथे कोणी फी मागितली नाही. १९३५ साली दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झालेल्या या कामात सदस्यत्वासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे. भावाने बोलण्यास नकार दिला, तेव्हा त्याला कोणीही आग्रह केला नाही. शेजारी बसलेल्या काकांनी स्वतःचा फोन क्रमांक लिहून दिला आणि प्यावेसे वाटले तर पिण्याआधी फोन करा, एवढेच सांगितले. भावाने तो फोन अगदी अवेळी केला, आणि काकांनी तो उचलला.

कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन हे वेगळे गट असतात, हे मला सांगणाऱ्या ताईंचेही मनःपूर्वक आभार. आईला घेऊन मी आता तेथे जाऊ लागले आहे.