गुण एकदाच भरू द्या

मा. मंत्री,
उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो. २०२४-२५ पासून आमच्यासारख्या संलग्नित कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण आलं आणि अंतर्गत मूल्यमापनाला वजन आलं. कॉलेजात मूडल, म्हणजे ऑनलाइन असाइनमेंट घेऊन गुण द्यायचं सॉफ्टवेअर, बसवलेलं होतंच. तोवर ते तपासणी समितीला दाखवण्यापुरतं होतं. आता आम्ही त्यावर खरोखर असाइनमेंट घेतो.

आधीच सांगतो, हे मूडलविरुद्धचं गाऱ्हाणं नाही. माझा त्याच्यावर जीव आहे, आणि त्याला कारण आहे. दिवाळी झाली की आमचा वर्ग निम्मा होतो. मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. पूर्वी त्यांच्या अंतर्गत गुणांचं काय व्हायचं ते तुम्हालाही ठाऊक असेल: परत आल्यावर एका दिवसात कुणाची तरी वही उतरवायची आणि सरांनी सही करायची. आता मोबाइलवर असाइनमेंट दिसते, कोपीत, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, बसून लिहिता येते, रेंज मिळेल तिथून पाठवता येते.

गेल्या हिवाळ्यात मी विषय दिला होता, १९७२ च्या दुष्काळाची एक आठवण, पाहिलेल्या माणसाच्या तोंडून. शेवटची तारीख टाकली १५ डिसेंबर. मूडलमध्ये तारखेसोबत वेळही असते आणि आपण हात लावला नाही तर ती ००:०० राहते. म्हणजे १५ तारीख सुरू होते त्या क्षणी मुदत संपते. वर्गात मी सांगितलं होतं, 'पंधरा तारखेपर्यंत द्या.' त्यातच 'शेवटची तारीख' आणि 'कट-ऑफ' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला ठाऊक नव्हतं. पहिली उलटली तर काम उशिराचा शिक्का लागून का होईना, घेतलं जातं. दुसरी उलटली की दारच बंद. मी दोन्हीकडे एकच तारीख टाकली होती.

पंधराच्या रात्री नऊला एका मुलीचा फोन आला. ती टोळीबरोबर कारखान्याच्या पट्ट्यात होती. 'सर, बटणच दिसंना.' टोळीतल्या एका म्हातारीनं तिला सांगितलं होतं, बंधाऱ्यावर खडी फोडली, दुपारी खायला सुकडी मिळायची. मुलीनं ते चार पानांवर लिहून फोटो काढले होते. एका विद्यार्थ्यापुरती मुदत वाढवायची सोय मूडलमध्ये आहे, दोन क्लिकचं काम. मला ते माहीत नव्हतं. मी म्हणालो, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. एका अर्थी पाठवून घेतलं ते बरंच झालं, कारण आमच्या सर्व्हरवर फाइलची मर्यादा २ एमबी होती आणि तिचा एकेक फोटोच त्याहून मोठा होता. ही मर्यादा कुणी विचार करून ठेवलेली नव्हती. सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची ती मूळ सेटिंग. बसवणाऱ्यानं बदलली नाही, आम्ही विचारलं नाही.

दुसरी चूक तर पूर्ण माझीच. असाइनमेंटचे कमाल गुण मूडल आपणहून १०० धरतं, माझे होते २०. सगळं तपासून झाल्यावर ते लक्षात आलं. १०० चे २० करायला गेलो तेव्हा त्यानं विचारलं, आधी दिलेले गुण त्या प्रमाणात बदलू का? मी सरळमार्गी माणूस, 'हो' म्हणालो. ज्याला १६ दिले होते त्याचे ३.२० झाले. साऱ्या वर्गाचे. तसंच 'हो' म्हणून पुन्हा १०० वर नेऊन, मग 'नाही' म्हणून २० वर आणलं असतं तर दोन मिनिटांत निभावलं असतं, हे नंतर कळलं. त्या रात्री मी एकेकाचे गुण हातानं पुन्हा भरले.

अशा चुका एका दुपारच्या प्रशिक्षणात टळतात. आम्हालाही प्रशिक्षण झालं होतं, पण त्यात लॉगिन कसं करायचं आणि पीपीटी कशी चढवायची एवढंच होतं. २०१७ साली मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन तपासणी घाईनं आली, निकाल महिनोन्‌महिने लांबले आणि कुलगुरूंना पदावरून काढावं लागलं. तो धडा आपल्या खात्याला मी शिकवायची गरज नाही.

माझं खरं म्हणणं पुढचं आहे. एका मुलाचे गुण मी आज तीनदा भरतो. तपासताना मूडलमध्ये एकदा. मग त्यांचा तक्ता काढून रजिस्टरमध्ये, सही करून, विभागप्रमुखांची सही घेऊन. मग विद्यापीठाच्या पोर्टलवर, एकेका चौकटीत, हातानं. पोर्टल थोडेच दिवस उघडं असतं आणि त्या दिवसांत ते कसं चालतं ते विचारू नका. तिथे मुलं पीआरएनच्या, म्हणजे विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकाच्या, क्रमानं, माझ्या रजिस्टरात हजेरी क्रमांकानं आणि मूडलवर नावानं. एक ओळ चुकली की एकाचे गुण दुसऱ्याला.

याला नवं सॉफ्टवेअर लागत नाही. (कृपया नवं घेऊ नका. निविदा निघेल, दोन वर्षं जातील आणि गुण भरायची चौथी जागा तयार होईल.) मूडल फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याच्या माहितीत 'आयडी नंबर' नावाचा एक रकाना असतो, आमच्याकडे तो रिकामाच असतो. प्रवेशाच्या वेळी त्यात पीआरएन भरला, तर गुणांची फाइल पीआरएनसकट एका क्लिकवर बाहेर पडते. ती फाइल विद्यापीठाच्या पोर्टलनं घ्यावी, एवढं एकच काम विद्यापीठांना सांगा. सही हवी तर त्याच फाइलच्या प्रिंटवर घ्या. रजिस्टर मात्र बंद करा.

आळसापोटी मागतोय असं वाटेल. त्या मुलीच्या चार पानांवर मी शेरा लिहिला होता: 'सुकडी कशाची असायची ते लिहिलं नाहीस, आजींना विचार.' तिनं विचारलं. दुसऱ्या खेपेला सुकडी तर आलीच, शिवाय ती कुणाला आधी मिळायची आणि कुणाला शेवटी, हेही आलं. मला तासाचे पैसे मिळतात ते वर्गात उभं राहण्याचे, तपासण्याचे नाहीत, आणि त्याची तक्रार मी आज करत नाही. पण जे तास मी आपखुशीनं देतो ते चौकटी भरण्यात गेले, की शेऱ्याच्या जागी 'ठीक' लिहून पुढे सरकतो. यंदा निम्म्याहून अधिक मुलांना मी 'ठीक' लिहिलं आहे.

कळावे,

आपला,
तासिका तत्त्वावरील एक सहायक प्राध्यापक

ता. क. पत्र लिहून होतंय तोच मेसेज आला, पोर्टलची मुदत दोन दिवसांनी वाढवली आहे. माझी भरणी काल रात्री दीडला संपली.