आधी वही, मग रायफल, दारू सगळ्यात शेवटी

माननीय संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नवख्यांसाठी रायफल नेमबाजीवर लेख आला होता. हा विषय मराठीत क्वचितच छापून येतो, म्हणून दोनदा वाचला. लेख बरा आहे. पण त्यातल्या चौकटीत एक वाक्य आहे: ‘खर्च वाचवायचा असेल तर .२२ची रायफल घ्या आणि काडतुसं घरीच भरा.’ या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि त्यातली एक कुणाचं तरी बोट घेऊन जाईल, म्हणून हे पत्र.

मी एका रसायन प्रयोगशाळेत साहाय्यक होते. सव्वीस वर्षं मुख्य काम तोलण्याचं. नेमबाजी वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी सुरू केली, तीही दुसऱ्याच्या रायफलीवर.

पहिली चूक साधी आहे. काडतूस घरी भरायचं म्हणजे वापरलेल्या पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचात, नवी दारू आणि गोळी घालायची. .२२चं (०.२२ इंच जाडीच्या गोळीचं) काडतूस रिमफायर असतं. पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या तळाच्या पोकळ कडेत पसरलेलं असतं, रायफलीतली पिन ती कडाच चेचते आणि बार उडतो. एकदा चेचलेली कड पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, त्यामुळे ही पुंगळी नेहमीच्या अवजारांनी भरता येत नाही. भरता येतात ती सेंटरफायर काडतुसं, ज्यांच्या तळाशी मधोमध प्राइमरची, म्हणजे दारू पेटवणाऱ्या मिश्रणाची, वेगळी वाटी बसवलेली असते. ती ठोकून बाहेर काढायची आणि नवी दाबून बसवायची. त्यातही प्राइमर बॉक्सर पद्धतीचा हवा, म्हणजे ठिणगी आत जायचं छिद्र एकच आणि मधोमध. बर्डन पद्धतीच्या पुंगळीत छिद्र मधोमध नसतं, बाजूला दोन असतात, आणि प्राइमर काढायची पिन आत अडून मोडते. माझी एक मोडली आहे.

.२२ घ्या हा सल्ला मात्र सोळा आणे खरा. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. साध्या वेगाच्या काडतुसात ती सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या किंचित खाली निघते. त्यामुळे वाटेत ध्वनिवेग ओलांडताना होणारी तिची डळमळ टळते. धक्का नगण्य, त्यामुळे डोळे मिटायची सवय लागत नाही. नळी वर्षानुवर्षं झिजत नाही. आणि मुख्य म्हणजे ही हलकी, संथ गोळी वाऱ्याला लगेच वश होते. ५० मीटरला जुळवलेली रायफल १०० मीटरवर वीतभर खाली मारते, आणि आडवा वारा गोळीला इंच-इंचाने सरकवतो. मोठ्या रायफलीला जो धडा शिकायला तीनचारशे मीटरचं मैदान लागतं, तो इथे शंभर मीटरमध्ये मिळतो.

आता सामानाच्या यादीबद्दल. लेखात रायफल, दुर्बीण, बायपॉड (नळीखालचं दोन पायांचं टेकण), जाकीट, हातमोजे अशी यादी वाचून नवखा माणूस वर्तमानपत्र मिटून ठेवेल. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकआधी अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सच्या रायफलीत कुणीतरी बिघाड करून ठेवला होता. त्याने एका सहकारी नेमबाजाची रायफल उसनी घेतली आणि ५० मीटर प्रोनचं (पालथं झोपून मारायच्या प्रकाराचं) सुवर्ण तिच्यावर जिंकलं. थोड्याच दिवसांनी थ्री पोझिशनच्या (झोपून, गुडघ्यावर आणि उभं राहून मारायच्या प्रकाराच्या) अंतिम फेरीत तो आघाडीवर होता आणि शेवटची गोळी त्याने शेजाऱ्याच्या लक्ष्यावर मारली. शून्य गुण! एकाच माणसाच्या एकाच आठवड्यातल्या या दोन गोष्टी मी नव्या मुलांना सांगते, म्हणजे अवजाराबद्दल वेगळं बोलावं लागत नाही.

माझी पहिली स्वतःची रायफल वापरलेली होती. टेकण म्हणजे जुन्या जीन्सचा पाय कापून शिवलेली वाळूची पिशवी, आणि दस्त्याखाली वाळू भरलेला मोजा. नवीन घेतली ती एक वही. तारीख, उजेड, वारा, काडतुसाच्या खोक्यावरचा लॉट नंबर (कारखान्यातल्या खेपेचा क्रमांक), आणि चाप सुटला त्या क्षणी नेम कुठे होता ते छिद्र बघण्याआधी लिहायचं. हे ‘बघण्याआधी’ फार महत्त्वाचं, नाहीतर आपण स्वतःशी सोयीने खोटं बोलतो. दोन महिने मी डावीकडे जाणाऱ्या गोळ्या वाऱ्याच्या नावावर खपवत होते. वहीत दिसलं की वारा पडलेला असतानाही त्या डावीकडेच जात होत्या. गाल दस्त्यावर दर वेळी वेगळ्या जागी टेकत होता. दस्त्यावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावला, गालाला खूण मिळाली, दुखणं गेलं.

लॉट नंबर का, तर एकाच कंपनीची काडतुसं एका लॉटची चालतात, पुढच्या लॉटची तीच रायफल नाकारते. चारपाच प्रकारची एकेक खोकी आणावीत, नळीला जी मानवतील ती एकाच लॉटची जमतील तेवढी घ्यावीत. .२२साठी काडतुसं ‘भरण्याचा’ पर्याय हाच.

आमच्या रेंजवर एक गृहस्थ पाकिटात तीन छिद्रांचा कागद घेऊन फिरतात. तिन्ही छिद्रं एका नाण्याखाली झाकतात. बाकीचे कागद कुठे आहेत, असं कुणी विचारत नाही. तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांमधलं अंतर, सरासरी २० मिलिमीटर येत असेल, तर तीच रायफल, तोच माणूस, दहा गोळ्यांत ३० मिलिमीटरच्या वर जाणार. हे गणित आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. दहाच मोजाव्यात.

फुकटचा सराव म्हणजे ड्राय फायरिंग. रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरून चाप ओढत बसायचं. काही .२२ रायफलींत पिन चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) काठावर आदळून खराब होते, तिथे आत डमी काडतूस हवं. रोज वीस मिनिटं. घरचे हसतात, हसू द्यावं.

काडतूस भरायला मी सहा वर्षांनी बसले, .३०८ विंचेस्टर या मोठ्या सेंटरफायर काडतुसासाठी. पैसे वाचले का? प्रत्येक काडतुसामागे वाचले, कारण सगळ्यात महाग भाग म्हणजे पितळेची पुंगळी, आणि ती पुन्हापुन्हा वापरता येते. पण मग मी दुप्पट काडतुसं उडवली, आणि प्रेस, डाय (पुंगळीला आकार देणारा साचा), काटा, कॅलिपर यांचे पैसे वेगळेच. बचतीसाठी भरायला बसणाऱ्याने आधी स्वतःचा स्वभाव ओळखावा.

माझा स्वभाव तोलण्याचा. दारू ग्रेनमध्ये तोलतात, एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. नोकरीत मी मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत तोलत असे, इथे ग्रेनचा दहावा भाग पुरतो. पहिला महिना मी दारूचा एकेक कण चिमट्याने उचलत बसले. नंतर हिशेब केला. दशांश ग्रेनने वेगात सेकंदाला दीडदोन मीटरचा फरक पडतो, आणि ३०० मीटरवर गोळी त्याने चारपाच मिलिमीटर हलते. तिथल्या स्पर्धेत दहा गुणांचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं असतं. ९०० मीटरवर मात्र तो फरक मोजण्यासारखा होतो. मी ९०० मीटरवर कधी मारलेलंच नाही.

आता बोट घेऊन जाणारी चूक, म्हणजे नवख्याला नुसतं ‘घरीच भरा’ सांगणं. एकदा ट्रेमध्ये पन्नास पुंगळ्या मांडून दारू घालत होते. फोन आला, उठले, परत येऊन बसले. रेंजवर त्यातल्या एका गोळीचा आवाज टाळी वाजावी तसा आला. मला वाटलं, काडतूस सर्द असेल. पुढचं घालायला हात बोल्टवर (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्यावर) गेला, तोच शेजारच्या बाईंनी माझं मनगट धरलं. एक शब्द बोलल्या नाहीत. बोल्ट काढून नळीतून पाहिलं तर उजेड दिसेना. पुंगळीत दारू नव्हतीच. नुसत्या प्राइमरने गोळी चार बोटं आत ढकलून ठेवली होती. तिच्यामागून भरलेलं काडतूस उडालं असतं, तर नळी फुटली असती.

तेव्हापासून फोन दुसऱ्या खोलीत. टेबलावर दारूचा डबा एका वेळी एकच (या वाक्यावर घरी पुरेसे विनोद झाले आहेत). गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्यांत बॅटरी मारून बघायचं, दारूची पातळी सारखी आहे ना. माप घ्यायचं ते दारू किंवा गोळी बनवणाऱ्याच्या छापील पुस्तकातून, तेही सगळ्यात कमी मापापासून. मित्राने सांगितलेलं माप मित्राच्या रायफलीसाठी. वापरलेल्या पुंगळ्या हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काहीही खायचं नाही, प्राइमरच्या काजळीत शिसं असतं. आणि या सगळ्याच्या आधी आपल्याकडचा कायदा पाहायचा. काही देशांत घरी काडतूस भरायला मुभा आहे, काही ठिकाणी परवाना लागतो, काही ठिकाणी तो सरळ गुन्हा आहे. लेखात याबद्दल एक ओळही नव्हती.

आपण चौकटीतलं ते वाक्य दुरुस्त करून छापावं ही विनंती. तीही चौकटीतच, तेवढ्याच टाइपात. लेख कापून ठेवणारे वाचक चौकटच कापून ठेवतात.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक