‘वाचक २’ला, मनापासून थँक्यू

प्रिय वाचक २,

तुझं नाव मला माहीत नाही. वर्गात आपण एकमेकांच्या निबंधांवर फीडबॅक दिला, त्या फॉर्मवर सगळ्यांची नावं झाकलेली होती, वाचक १, वाचक २, वाचक ३ एवढंच, आणि सरांना विचारून बघितलं तर ते म्हणाले नाव सांगता येणार नाही, तसं ठरलंय. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. कधीतरी तुझ्या नजरेस पडेल आणि होकुसाई या जपानी चित्रकाराची लाट म्हटल्यावर तुला लगेच कळेल की हे पत्र तुझंच आहे. एकाच वर्गातले आहोत म्हणून सरळ तू म्हणतेय, चालेल ना.

तर तो व्हिज्युअल अॅनालिसिसचा निबंध. एक चित्र निवडायचं, ते नीट बघायचं, आणि ते जे करतं ते कसं करतं हे लिहायचं. मी होकुसाईची ती प्रसिद्ध लाट घेतली, कारण लहानपणापासून कॅलेंडरवर, वहीवर, टीशर्टवर बघत आलेय आणि मला वाटायचं की हे चित्र मला पाठ आहे. ड्राफ्ट लिहिला, दोनदा वाचला, पाठवला. मग तीन जणांचा फीडबॅक आला. एकाने लिहिलं ‘छान जमलाय, शेवट थोडा वाढव’. दुसऱ्याने शुद्धलेखनाच्या चुका लाल केल्या, ते पण कष्टाचं काम आहे आणि त्याबद्दल आभारच आहेत. आणि मग तुझा.

तुझी पहिली ओळ मी अजून जपून ठेवलीय. ‘वाचून मला असं कळलं की तुझ्या मते हे चित्र म्हणजे एका महान चित्रकाराची गोष्ट आहे, बरोबर का?’ मी ते वाचलं आणि खुर्चीत मागे टेकून बसले, कारण मला हे अजिबात म्हणायचं नव्हतं. मला म्हणायचं होतं की हे चित्र बघताना पोटात खड्डा का पडतो. आणि तू काही चुकीचं वाचलं नव्हतंस, मीच तसं लिहिलं होतं. पहिले दोन पॅराग्राफ मी होकुसाई १७६० मध्ये जन्मला, त्याने किती वेळा नाव बदललं, हे चित्र १८३१ च्या सुमारास छापलं तेव्हा तो सत्तरीचा होता, १८४९ मध्ये गेला, हेच सांगत बसले होते. तू तिसऱ्या पॅराग्राफच्या दुसऱ्या वाक्याशी मार्जिनमध्ये एक बाण काढून लिहिलंस, ‘माझ्यासाठी निबंध इथे सुरू झाला.’ वरचं काढून टाक असं म्हणाली असतीस किंवा म्हणाला असतास तर मी भांडले असते, खरंच, कारण ती माहिती शोधायला वेळ गेला होता. पण तू वाचताना तुझं काय झालं ते सांगितलंस, त्याच्याशी कोण कसं भांडणार? मी स्वतःच ते दोन पॅराग्राफ काढले. सत्तरीचा होता एवढं एक वाक्य ठेवलं, ते पण मागे नेऊन.

दुसरी गोष्ट त्सुनामीची. मी सरळ लिहून टाकलं होतं ‘या त्सुनामीपुढे माणूस हतबल आहे’. तुझी कमेंट: ‘त्सुनामी तुला चित्रात कुठे दिसली?’ एवढंच. आधी राग आला, म्हटलं एवढी मोठी लाट दिसत नाही का. मग चित्र उघडलं आणि शोधायला लागले. चित्राचं मूळ नाव शोधलं तर ते साधारण ‘कानागावाच्या समुद्रात, लाटेच्या खाली’ असं निघालं, त्यात त्सुनामी हा शब्दच नाही. त्सुनामी भर समुद्रात अशी भिंतीसारखी उभी राहत नाही, तिथे ती बोटीखालून निघून गेली तरी कळत नाही, ती किनाऱ्याला आली की चढते, आणि या चित्रात तर किनाराच नाही, सगळं पाणी. म्हणजे ही वादळी समुद्रात उठलेली एक लाट आहे. मी कुठेतरी ऐकलेला शब्द न बघताच चिकटवला होता. आणि त्या नावातल्या ‘खाली’ या शब्दावर मग माझा एक अख्खा पॅराग्राफ उभा राहिला, की आपली नजर कुठून बघतेय, तर लाटेच्या खालच्या पातळीवरून, जवळजवळ पाण्यावरूनच, म्हणून मागचा फुजी डोंगर एवढा लांब आणि एवढा ठेंगणा. ३७७६ मीटरचा डोंगर, आणि मोठ्या लाटेच्या पोकळीत इवलासा बसलाय.

आता बोटींबद्दल लिहिते, कारण खरे आभार तिथले आहेत.

माझ्या पूर्ण ड्राफ्टमध्ये बोटी एका वाक्यात होत्या. ‘तीन नावा लाटेत सापडल्या आहेत.’ बस. तू लिहिलंस, ‘बोटीत माणसं आहेत. ती तुझ्या निबंधात दिसली नाहीत. झूम करून बघ ती कशी वाकलीयेत, आणि मग हतबल हा शब्द परत वाच.’ मी फोनवर चित्र उघडलं, दोन बोटांनी मोठं केलं, पिक्सेल फुटायला लागले म्हणून एका म्युझियमच्या साइटवरची मोठी फाइल उतरवून घेतली आणि परत मोठं केलं. आणि खरं सांगते, इतकी वर्षं बघितलेल्या चित्रात मी त्या माणसांचे चेहरे पहिल्यांदा बघितले. एकामागे एक, ओळीत, सगळे पुढे झुकलेले, बोटीला पार चिकटून. कोणी हात वर करून ओरडत नाहीये, कोणी उडी मारत नाहीये, कोणी लाटेकडे बोट दाखवत नाहीये. सगळ्यांची पाठ एकाच कोनात. ती मासे वेगाने पोचवणाऱ्या बोटींवरची माणसं, हे पाणी त्यांच्या रोजच्या कामातलं. घाबरलेला माणूस असा रांगेत वाकत नाही, काम माहीत असलेला माणूस असा वाकतो. किंवा घाबरलेला आणि काम माहीत असलेला, दोन्ही. मी ‘हतबल’ खोडलं. त्याच्या जागी कुठला शब्द घालायचा यावर दोन दिवस गेले आणि शेवटी मी शब्द घातलाच नाही, ते कसे वाकलेत तेवढंच लिहिलं.

तिथेच तुझी ती छोटी युक्ती होती, ‘चित्र आडवं फ्लिप करून बघ’. मला वाटलं त्याने काय होणार. करून बघितलं, आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटं, तर चित्र एकदम वेगळं. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे आपली नजर मूळ चित्रात लाटेबरोबरच आत शिरते, लाटेवर बसून आल्यासारखी. पण जपानी वाचक परंपरेने उजवीकडून डावीकडे जाणार, आणि बोटींची निमुळती टोकं पण डावीकडेच आहेत, म्हणजे त्याची नजर बोटींबरोबर निघते आणि समोरून लाट अंगावर येते. फ्लिप केल्यावर मला ते पहिल्यांदा अंगावर आलं, शब्दशः मान मागे गेली माझी. पोटात खड्डा का पडतो याचं उत्तर मी दोन पॅराग्राफ चरित्रात शोधत होते आणि ते त्या एका बटणाखाली होतं.

मग मी ‘भव्य चित्र’ लिहिलं होतं त्याच्या शेजारी तुझा प्रश्न, ‘किती सेंटिमीटर?’ मी ते चित्र वर्गातल्या प्रोजेक्टरवर भिंतभर बघितलेलं, त्यामुळे डोक्यात तेच माप. शोधलं तर साधारण २५ बाय ३७ सेंटिमीटर. मी त्या मापाचा कागद कापून टेबलावर ठेवला. ए-फोरच्या साधारण दीडपट. हातात धरून बघायचं चित्र आहे हे, लाकडी ठशांनी छापलेलं, एकाच ठशांवरून पुष्कळ प्रती काढलेलं. त्या कागदावर पेन्सिलीने अंदाजे बोटी आखल्या तर एकेक डोकं नखाच्या टोकाएवढं. एवढ्याशा कागदावर एवढी मोठी लाट कशी मावते, हा प्रश्न ‘भव्य’ लिहून मी बुजवून टाकला होता.

निळ्या रंगाचं पण तसंच. निळा म्हणजे दुःख असं मी लिहिलं होतं, तू विचारलंस की हे चित्र सांगतंय की आपण बाहेरून आणतोय. हा प्रशियन ब्ल्यू, तेव्हा परदेशातून आलेला आणि जपानी छापचित्रांत नुकताच गाजायला लागलेला रंग, होकुसाईने तो समुद्राला, डोंगराला आणि वल्हेकऱ्यांच्या कपड्यांना पण दिलाय. म्हणजे माणूस, पाणी, पहाड एकाच रंगात. हे मला चित्रात बोट ठेवून दाखवता येतं. दुःख दाखवता येत नव्हतं.

एक गोष्ट मी तुझी ऐकली नाही, ती पण सांगते. तुझं म्हणणं होतं की फुजी इथे शांततेचं, टिकून राहण्याचं चिन्ह आहे आणि मी त्यावर जास्त लिहावं. मी बोटाने फुजी झाकून बघितला, काढून बघितला, आणि मला दिसलं ते असं की पुढची छोटी लाट जवळजवळ फुजीच्याच आकाराची आहे आणि मोठ्या लाटेचे तुषार डोंगरावर बर्फ पडावा तसे दिसतात. म्हणजे मला तरी डोंगर वेगळा, शांत, बाजूला बसलेला वाटला नाही, तो पण या गोंधळात ओढला गेलाय. मी तसंच लिहिलं. आणि हे लिहायची हिंमत पण तुझ्याच एका वाक्यामुळे आली, तू त्या कमेंटच्या खाली लिहिलं होतंस, ‘हे माझं वाचन झालं, तुला वेगळं दिसत असेल तर चित्रातून दाखव.’ दुसऱ्याच्या निबंधावर लिहिताना आपलं मत देऊन वर असा दरवाजा उघडा ठेवणं किती अवघड आहे हे मला नंतर कळलं.

कारण नंतर माझ्याकडे फीडबॅकसाठी एक निबंध आला. एका जाहिरातीच्या फोटोवरचा. आधीची मी असते तर दहा मिनिटांत ‘मस्त, फक्त रेफरन्स बघ’ लिहून मोकळी झाले असते. आणि वाईट हेतूने नाही, मला वाटायचं की समोरच्याला बरं वाटावं म्हणजे मदत झाली. या वेळी मी आधी तो फोटो एकटाच बघितला, निबंध न वाचता, आणि मला काय दिसतं ते लिहून ठेवलं. मग निबंध वाचला. त्यात ‘आकर्षक रंगसंगती’ असा शब्द तीन वेळा होता. मी खोडला नाही. विचारलं, ‘कुठला रंग कुठल्या रंगाच्या शेजारी आहे म्हणून तुला असं वाटलं?’ आणि सुरुवातीला लिहिलं की मला वाचून काय कळलं. चाळीस मिनिटं लागली. म्हणजे तुला माझ्या निबंधाला किती वेळ लागला असेल याचा अंदाज मला त्या दिवशी आला, आणि त्या वेळेचे मार्क तुला मिळणार नव्हते, नाव पण झाकलेलं, कोणी बघणार नव्हतं. तरी तू बसून केलंस. हे मला सगळ्यात जास्त भिडलं. थँक्यू, फार मनापासून.

निबंधाला मार्क बरे आले, ते सांगायचं राहून जात होतं.

आता तुझी शेवटची कमेंट. ‘मागे आकाशात तो फिकट ढग आहे ना, तो मला कळला नाही. तुला कळला तर सांग.’ मी त्यावर निबंधात काही लिहिलं नाही कारण मला पण कळला नव्हता. पण सोडलं नाही. वेगवेगळ्या म्युझियमच्या प्रती शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, तर काहींत तो ढग नीट दिसतो आणि काहींत जवळजवळ गायब आहे, रंग उडालाय किंवा छपाईच तशी. म्हणजे आपण दोघं कदाचित एकच प्रत बघत नव्हतो! मी बघितलेल्यांपैकी ज्यांत तो स्पष्ट आहे त्यांत फुजीमागचं आकाश खाली गडद राखाडी आणि वर उजळ आहे, आणि ढग त्या उजळ भागात वर चढतोय. मला सध्या असं वाटतंय की तो चित्रातली एकमेव सावकाश गोष्ट आहे, बाकी सगळं पुढच्या क्षणी कोसळणार. पण खात्री नाही, अजून बघतेय. तुझ्याकडे कुठली प्रत होती ते सांग, आणि त्यात ढगाची वरची कड दिसते का ते बघशील?

तुझी,
लाटेचा निबंध लिहिणारी