बाबा, तुम्ही ‘हे बरोबर नाही’ म्हणालात त्याबद्दल

तीर्थरूप बाबा आणि आईस,
प्रभूमध्ये सप्रेम नमस्कार.

रविवारी आई एकटीच उपासनेला जाऊन आली, हे तिच्या आवाजावरूनच कळलं. मग तुम्ही फोन घेतलात आणि म्हणालात, “एकतीस वर्षं शिकवलं. ज्यांनी माझी ग्रॅच्युइटी अडवली ते पहिल्या बाकावर बसून गीतं म्हणतात. देव असता तर हे चाललं नसतं. हे बरोबर नाही.” मला तेव्हा काही बोलता आलं नाही. आठवडाभर मनात तेच चाललंय, म्हणून लिहितेय.

बाबा, तुम्ही ‘मला हे आवडलं नाही’ असं नाही म्हणालात. ‘बरोबर नाही’ म्हणालात. या दोन वाक्यांत फार अंतर आहे, आणि माझा सगळा विश्वास आज त्या अंतरावर उभा आहे.

मी सहावीत असेन. तुम्ही खाटेवर सहामाहीचे पेपर तपासत होता, लाल पेन घेऊन. चहाच्या टपरीवर काम करणारा तो मुलगा एका मार्कानं नापास होत होता. मी म्हटलं, द्या ना बाबा, कोणाला कळणारेय? तुम्ही म्हणालात, “माझ्या मनावर असतं तर दिला असता. गणित माझ्या मनावर चालत नाही.” चूक म्हणून खूण करायची तर बरोबर उत्तर आधी असावं लागतं, आणि ते तपासणाऱ्याच्या मर्जीवर नसतं. मग तुम्ही आज तुमची ग्रॅच्युइटी अडवणाऱ्या शाळेच्या संस्थेवर मारलेली लाल रेघ कोणत्या उत्तरावरून मारलीत? जग नुसतं अणुरेणूंची उलथापालथ असेल, तर कोणी कोणाचे पैसे बुडवले यात बरोबर-चूक काय उरतं? कोणी मोठा, कोणी छोटा, एवढंच.

इथे ऑक्सफर्डमध्ये मी राहते तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, हेडिंग्टन क्वारीच्या होली ट्रिनिटी चर्चच्या आवारात ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस यांची कबर आहे. ऑक्सफर्डमध्ये साहित्य शिकवायचे. नवव्या वर्षी आई गेली, पहिल्या महायुद्धात जखमी झाले, आणि कितीतरी वर्षं नास्तिक होते. कारण तुमचंच: जग इतकं क्रूर आणि अन्यायी असताना देव कसा असेल? पुढे त्यांनाच प्रश्न पडला की अन्याय म्हणजे काय, हे मला कुठून कळलं? १९४१ मध्ये लंडनवरच्या बाँबहल्ल्यांच्या आठवणी ताज्या असताना ते बीबीसीवर हेच बोलले. सुरुवात त्यांनी देवापासून केली नाही, माणसांच्या भांडणापासून केली. भांडणारा ‘तुझा नियम मला मान्य नाही’ असं सहसा म्हणतच नाही, तो सबब सांगतो. तुमच्या संस्थेचं बघा. ‘तुमचे पैसे आम्ही देणार नाही’ असं पत्र एकदाही आलं का? ऑडिट चालू आहे, फाईल वर गेली आहे, सचिव बाहेरगावी आहेत. सबब सांगणाऱ्यालाही नियम ठाऊक असतो.

तुम्ही म्हणाल, हे सगळे संस्कार. संस्कार आहेतच. पण पाढेही शाळेतच शिकलो, म्हणून बे दुणे चार कुणी मास्तरानं ठरवलेलं नाही, असं लुईसच म्हणतात. आणि सरकारी कायदा? २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की शिक्षक ग्रॅच्युइटी कायद्यातल्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत बसत नाहीत. २००९ मध्ये संसदेनं व्याख्याच बदलली, तीही ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरून, आणि २०२२ मध्ये कोर्टानं ती दुरुस्ती कायम ठेवली. कायद्यात त्रुटी आहे, हे ओळखायला कायद्याच्या वरचं काही माप लागलंच ना?

आता माझं सांगते. गेल्या महिन्यात रात्रपाळीला एका आजोबांचं दोनचं बीपी घ्यायचं माझ्याकडून राहून गेलं. साडेतीनला लक्षात आलं. चार्टवर एक चौकोन रिकामा. आजोबा शांत झोपलेले, आधीचं बीपी १२८/७६. तसाच एखादा आकडा टाकायला दोन सेकंद लागले असते. पेन टेकवलं होतं, बाबा. जिच्याबरोबर पाळी होती ती देव मानत नाही, आणि मागच्याच आठवड्यात तिनं स्वतःची चूक स्वतःहून वरिष्ठांना सांगितली होती. तिला पाहून मी पेन मागे घेतलं. पौलानं रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात लिहिलंय ते हेच: ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही त्यांच्याही अंतःकरणावर ते लिहिलेलं आहे. देव न मानणारे वाईट असतात असं म्हणणाऱ्यांनी तो अध्याय वाचलेलाच नाही.

पण त्या नियमानं मला दिलासा दिला नाही, मला पकडलं. जी लाल रेघ संस्थेवर, तीच माझ्यावर. नियम मार्क वाढवत नाही. लुईसही म्हणतात, या तर्कानं आपण फार तर नियमामागे कोणीतरी आहे इथवर पोचतो, ख्रिस्तापर्यंत नाही. पुढचं मला तुमच्यामुळे कळलं. त्या मुलाला तुम्ही मार्क दिला नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी घरी बोलावलंत. आई त्याला चहा-चपाती द्यायची. कृपा म्हणजे काय, हे मी आपल्या ओट्यावर पाहिलंय. आणि येशूला धरून दिलं ते मंदिरातल्या पहिल्या बाकावरच्यांनीच. तुमची जागा त्या बाकामागे नाही, येशूच्या शेजारी आहे.

पैसे सोडू नका. वकिलांना भेटा, तारखांसकट सगळ्या अर्जांच्या प्रती काढा, खर्च मी पाठवते. क्षमा करायची म्हणून हक्क सोडायचा असं मला मुळीच वाटत नाही.

एकच विनंती. आईच्या डोळ्यात अजून थेंब चालू आहेत, तिला बारीक अक्षर वाचवत नाही. आज रात्री बायबलमधलं स्तोत्र ७३ तिला मोठ्यानं वाचून दाखवाल का? ते रचणाऱ्या आसाफाची तक्रार तुमचीच आहे: दुर्जन धष्टपुष्ट, आणि मी उगाच मन शुद्ध ठेवलं. सोळाव्या ओवीवर थांबलात तरी चालेल. सतरावी, देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर त्याला उमगलं ती, आईला पाठ आहे.

तुमची लाडकी,
छकुली