चष्म्याबद्दल, आणि वेदांतबद्दल

मखमलाबाद, नाशिक
रंगपंचमीनंतरचा रविवार

चि. स्वातीस अनेक आशीर्वाद.

माझ्यासारख्या रंगांधळ्यासाठी तू पाठवलेला चष्मा घालून दाखवला तेव्हा मी फोनवर नुसतं "बरा आहे" म्हणालो आणि तू हिरमुसलीस. जावईबापूंनी म्हणे तिकडून रेकॉर्डिंगही चालू ठेवलं होतं. तुम्ही ते व्हिडिओ पाहिले असणार. माणूस डबा उघडतो, चष्मा चढवतो, इकडेतिकडे बघतो आणि ढसाढसा रडायला लागतो. मीही पाहिले ते, पण नंतर. अगं, संध्याकाळची वेळ, वर ट्यूबलाइट, समोर तुझी आई आणि तिच्यामागे भिंतीवर सोसायटीचं कॅलेंडर. त्यात रडण्यासारखं काय होतं? हा उन्हात घालायचा चष्मा आहे, असं डब्यातल्या कागदावरच छापलंय. औषधाच्या बाटलीवरचं लेबल मी फवारणीआधी वाचतो, पण भेट आलेल्या वस्तूचा कागद कोण वाचतं?

फोनवर नीट बोलणं होत नाही, तुझा वेदांत फोन घेऊन पळतो. म्हणून सविस्तर लिहितोय.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर द्राक्षबागेत गेलो. तुला पिंक बेरी आठवते का? डिसेंबर-जानेवारीत मण्यात पाणी उतरतं, तेव्हा रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी चांगलं ऊन असं चाललं की थॉमसन जातीच्या हिरव्या मण्यांवर गुलाबी झाक चढते. एक्सपोर्टवाला घड उचलून बघतो आणि सरळ बाजूला टाकतो. म्हणून तर घडांना पेपर लावायचे. आता गंमत बघ, आयुष्यभर द्राक्षं केली, पण पिंक आलेला मणी मला कधी दिसला नाही. व्यापारी म्हणायचा "नाना, पिंक दिसतंय", मी म्हणायचो "हो ना, यंदा थंडीच तशी", आणि घरी येऊन तुझ्या आईला घेऊन जायचो. ती ओळीओळीनं फिरायची आणि पिंक घडाच्या देठाला सुतळीचा तुकडा बांधत जायची. मजुरांना वाटायचं मालकीणबाई फार बारकाईनं बघतात. बघायच्याच, पण मालकाला दिसत नव्हतं ही आतली गोष्ट.

तर त्या दिवशी चष्मा घालून घड हातात धरला, मांडवाच्या बाहेर उन्हात नेला, आणि खांद्याजवळच्या मण्यांवर काहीतरी वेगळं दिसलं. लाल म्हणणार नाही. बाकीच्या मण्यांपासून ते सुटे दिसत होते, एवढं खरं. चष्मा काढला की पुन्हा सगळे एकसारखे. मी बराच वेळ चष्मा चढवतोय, काढतोय, असं चाललं होतं. मग मोठ्या रुबाबात एक ओळ तपासून आलो आणि मागून तुझी आई आली. मी सोडलेले पिंक घड तिनं असे पटापट दाखवले की विचारू नकोस. मांडवाखालच्या सावलीत चष्म्याचं फारसं चालत नाही. सुतळीचं खातं तिच्याकडेच राहिलं.

हे असं का, ते मी समजून घेतलं. बीएस्सी ॲग्री झालेला माणूस आहे, वाचल्याशिवाय चैन पडत नाही. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन जातींच्या असतात, ढोबळ मानानं लाल, हिरवा आणि निळा. माझ्यात हिरव्याची पेशी आहे, पण ती लालच्या अंगाला सरकलेली. त्यामुळे दोघी जवळजवळ एकच निरोप मेंदूला पाठवतात. कॉलेज रोडच्या डॉक्टरांनी याला ड्युटेरॅनोमली म्हटलं, सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार हाच. आता चष्मा काय करतो? आपण घडाची विरळणी करतो ना, मधले दाटीचे मणी कात्रीनं काढतो म्हणजे उरलेला प्रत्येक मणी सुटा होतो, तसं हा चष्मा प्रकाशाचं करतो. लाल आणि हिरव्याच्या पेशी जिथं एकमेकींत जास्त मिसळतात, तेवढ्या पट्ट्यातला प्रकाशच गाळून टाकतो. नवीन काही देत नाही, असलेल्यातलं काढून घेतो. म्हणून तो घातल्यावर जग थोडं अंधारतं, आणि ज्यांच्यात एखादी पेशी मुळातच नाही त्यांना त्याचा काही उपयोग नाही.

या जातीच्या काचेचा जन्मही गमतीचा आहे. डॉन मॅकफर्सन नावाचा अमेरिकेतला काचशास्त्रज्ञ लेसरनं शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांना संरक्षण म्हणून चष्मे बनवायचा. २००५ मध्ये मैदानावर खेळताना त्यानं स्वतः तो घातला होता, एका मित्रानं सहज मागून घेतला आणि म्हणाला, अरे, मला मैदानावरचे ते नारिंगी शंकू दिसतायत! मित्र रंगांधळा होता. तिथून पुढे हा धंदा उभा राहिला.

पण रडणाऱ्या व्हिडिओंवर जाऊ नकोस. स्पेनमधल्या ग्रॅनडा विद्यापीठाच्या लोकांनी २०१८ मध्ये रीतसर चाचण्या घेऊन सांगितलं की या चष्म्यानं रंगदृष्टी सुधारत नाही, काही रंग वेगळे भासतात इतकंच, बाकी काही रंगांत उलट जास्त गोंधळ होतो. पुढे २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाच्या संशोधकांना असं आढळलं की काही दिवस रोज चष्मा वापरला तर तो काढल्यावरही लाल-हिरव्यातला फरक थोडा ठळक जाणवतो. दोन्ही खरं असू शकतं. माझं म्हणशील तर कंपनीच्या जाहिरातीपेक्षा ग्रॅनडावाले मला जास्त जवळचे वाटले.

मात्र एक गोष्ट मान्य करतो. मागच्या आठवड्यात एका लग्नाला पेठला गेलो होतो. घाट चढताना तुझा भाऊ सागर गाडी चालवत होता आणि मी बाजूला चष्मा लावून बसलेलो. वळणावर एकदम डोंगराच्या अंगावर काहीतरी पेटल्यासारखं दिसलं. मी म्हटलं, "वणवा लागलाय रे." सागर म्हणाला, "नाना, पळस आहे." गाडी थांबवायला लावली. दरवर्षी फाल्गुनात हाच रस्ता, हीच झाडं, आणि मला ती नुसती वाळकी, काळपट फांद्यांची दिसायची. लोक "काय फुललाय पळस" म्हणायचे आणि मी मान डोलवायचो. पळसाला पानं तीनच हे ठाऊक होतं, फुलं इतकी असतात हे या वयात कळलं. तिथं रस्त्याच्या कडेला मी पुष्कळ वेळ उभा होतो. सागरला विचार, तो वैतागला होता, मुहूर्त टळत होता.

त्याच पळसाच्या ओढीनं मग रंगपंचमीला गावात गेलो. लहानपणी तुला खांद्यावर बसवून रहाड, म्हणजे तो जमिनीतला रंगाचा हौद, दाखवायला न्यायचो. तिवंधा चौकातला पिवळा मला नेहमीच दिसायचा, पिवळ्याशी माझं कधी भांडण नव्हतं. पण शनि चौकातल्या रहाडीचा गुलाबी रंग मला आयुष्यभर धुण्याच्या पाण्यासारखा करडा दिसलाय. पोरं त्यात उडी घेऊन धप्पा मारायची, वर येताना नखशिखान्त रंगलेली असायची, आणि मला वाटायचं राखेतून उठलीत. या वेळी एका ओट्यावर उभं राहून चष्म्यातून पाहिलं. करडा नव्हता. तुम्हाला जो गुलाबी दिसतो तोच मला दिसला का, हे तू मला विचारू नकोस आणि मी तुला सांगू शकणार नाही. पण त्या पोरांच्या अंगावर आनंदाचा रंग आहे असं पहिल्यांदा वाटलं. तेवढ्यात कुणीतरी बादली मारली आणि चष्म्यासकट मी न्हालो. काचा साबणाच्या पाण्यानं धुतल्यात, काळजी नको.

आता मुख्य मुद्दा. वेदांत.

हे दुखणं नाही, पण येतं ते रक्तातूनच. लाल-हिरव्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. सागरला मी वाय दिला, म्हणून तो सुटला. तुला माझ्याकडून एक्स मिळाला, आणि माझ्याकडे द्यायला एकच होता, तोच सदोष. तुझ्याकडे आईकडून आलेला दुसरा चांगला आहे, म्हणून तुला सगळं स्पष्ट दिसतं. पण तुझ्या मुलाला त्या दोघांतला कुठला जाईल हा नाणं उडवण्याचा प्रकार आहे. निम्मी-निम्मी शक्यता. मलाही हे माझ्या आईकडूनच आलं असणार, कारण सिन्नरचे मामा पिकलेली मिरची आणि हिरवी मिरची एकाच पाटीत तोडायचे, आणि आजी ओरडायची की याला कामच करायचं नाही. इंग्लंडच्या जॉन डाल्टननं १७९४ मध्ये स्वतःच्या डोळ्यांवर निबंध वाचला, त्याच्या भावालाही तसंच दिसायचं. डाल्टनला वाटायचं डोळ्यातलं पाणीच निळं आहे, मेल्यावर तपासा म्हणाला. १८४४ मध्ये तपासलं, पाणी स्वच्छ निघालं. डोळा मात्र जपून ठेवला होता, आणि १९९५ मध्ये त्यातल्या डीएनएवरून कळलं की त्याच्यात हिरव्याची पेशीच नव्हती.

तर वेदांत आता तीन वर्षांचा. त्याला उठता-बसता "हा कुठला रंग, तो कुठला रंग" असं विचारत बसू नकोस. मला लोक अजून विचारतात, चहाचा कप उचलून, "नाना, हा कुठला?" करमणूक होते त्यांची. चार-पाच वर्षांचा झाला की डोळ्यांच्या डॉक्टरकडे रीतसर तपासून घे. ठिपक्यांची पुस्तकं असतात, जपानच्या शिनोबू इशिहारांनी १९१७ मध्ये काढलेली. आकडे न येणाऱ्या मुलांसाठी आकारांचे किंवा रेषांवरून बोट फिरवायचे तक्ते असतात. निदान झालंच तर वर्गशिक्षिकेला पहिल्याच दिवशी सांग. खडूंवर रंगाचं नाव लिहून दे. मी चित्रात खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवायचो, आणि गुरुजींना वाटायचं मी मुद्दाम करतोय. दोन छड्या त्यासाठी खाल्ल्यात.

पुढे काही दारं बंद असतील, तेही माहीत असू दे. मला तरुणपणी एका सरकारी नोकरीच्या मेडिकलमध्ये ते पुस्तक समोर आलं. पहिल्या पानावरचा १२ वाचला, तो सगळ्यांनाच वाचता येतो. पुढच्या पानांवर ठिपकेच ठिपके. साहेबांनी पुस्तक मिटलं आणि पुढच्याला हाक मारली. तेव्हा राग आला होता. नंतर वाचलं की स्वीडनमध्ये १८७५ साली दोन आगगाड्या समोरासमोर धडकल्या, आणि त्यानंतर होल्मग्रेन नावाच्या प्राध्यापकानं रंगीत लोकरीच्या लडी निवडायला देऊन रेल्वेच्या माणसांचे डोळे तपासायला लावले. रेल्वे चालवायला रंग दिसायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण आपल्याकडे उगाच बंद केलेली दारंही होती, ती आता उघडतायत. सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असला तरी गाडीचं लायसन्स मिळावं असा नियम २०२० मध्ये झाला. मी त्याआधीची कित्येक वर्षं सीबीएस बसस्थानकाच्या सिग्नलला वरचा दिवा लागला की थांबायचो आणि खालचा लागला की निघायचो, कुणाचं काही बिघडलं नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटनंही अशा मुलांना कुठल्याच अभ्यासक्रमापासून दूर ठेवू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं. तुमच्या घरापासून ती जवळच आहे, वेदांतनं कॅमेरा धरायचं ठरवलं तर आजोबांची हरकत नाही.

आणि एक. निकाल काहीही आला तरी त्याच्यासाठी लगेच असा चष्मा मागवू नकोस, वाढदिवसाला तर नकोच. घातल्यावर त्यानं रडावं म्हणून चार माणसं मोबाइल धरून उभी राहतील आणि पोराला वाटेल आपल्यात काहीतरी मोठं कमी होतं. मी डाऊनी या बुरशीच्या रोगाचा तेलकट डाग पानावर ओळखू शकत नव्हतो, तर पान उलटून मागची पांढरी बुरशी बघायला शिकलो. माल तयार झालाय का, ते रंगावरून नाही, रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघून आणि जिभेवर ठेवून ठरवायचो, आणि माझा माल गोडीला कधी कमी पडला नाही, हे पिंपळगावच्या व्यापाऱ्यांना विचार. वेदांतही त्याचे मार्ग काढेल. मोठा झाल्यावर त्याला स्वतःहून हवा वाटला तर घेऊ दे.

मे महिन्यात आलात की माझा घालून बघेल हौसेनं, नाकावर राहणार नाही ती गोष्ट वेगळी.

सागर बुधवारी पुण्याला येतोय, त्याच्या हाती बेदाणा पाठवतोय. हिरवा आणि पिवळा असे दोन आहेत, आईनं पुड्यांवर नावं लिहिलीत. शिरखुर्म्यासाठी शेजारच्या भाभींना द्यायचा तो पिवळा. वेदांतचा खोकला राहिला का, ते आई विचारतेय. जावईबापूंना आशीर्वाद, आणि ते रेकॉर्डिंग पुसून टाका म्हणावं.

तुझा,
नाना