रेगेन्सबुर्गच्या त्या हॉटेलातल्या मंडळींचे आभार

डॅन्यूब नदीवरचा बाराव्या शतकातला दगडी पूल बघायची बाबांना केव्हाची हौस. निवृत्त सिव्हिल इंजिनिअर ना! म्हणून जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग शहराच्या जुन्या भागात, कॅथेड्रलजवळ, एक साधंसं हॉटेल घेतलं. लिफ्ट नाही, खोल्या चिमुकल्या, पण सगळं लख्ख.

रविवारी पहाटे बाबांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. त्यात त्यांना मधुमेह. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, औषधांची दुकानंसुद्धा पाळीपाळीनेच उघडी. रिसेप्शनवरच्या ताईंनी लगेच ११६११७ हा अवेळी डॉक्टर मिळवून देणारा नंबर लावला आणि बाबांच्या गोळ्यांची नावं मला विचारत जर्मनमध्ये सगळं सांगितलं. ड्यूटी संपल्यावर घरी न जाता त्या माझ्याबरोबर औषधाच्या दुकानात आल्या. तिथे दाराच्या छोट्या खिडकीतून औषध देतात आणि अवेळी आल्याचे २.५० युरो जादा लावतात. तेही त्यांनीच दिले. परत काही घेईनात.

नाश्ता बनवणाऱ्या काकूंना भात हवाय एवढंच कळलं होतं. त्यांनी भात शिजवला आणि चमच्यात चार शितं घेऊन जिने चढून वर आल्या, दाखवायला. मी शीत बोटाने चेपून दाखवलं, अजून मऊ हवा. दुसऱ्या खेपेला आला तो अगदी आपला गुरगुट्या भात. मीठ वेगळं, बशीच्या कडेला. बाबांनी वाटीभर खाल्ला.

त्या दोघींचे, आणि वेळ उलटूनही ‘खोली सोडा’ न म्हणणाऱ्या मालकांचे, आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार.