‘समजलं ना?’ विसरायला लावलंत, म्हणून

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

खरं सांगतो, आम्हा फार्मासिस्टांच्या रिफ्रेशर कोर्सला, तुमच्या वर्गात, मी सर्टिफिकेटपुरता आलो होतो. शेवटच्या रांगेत बसून मोबाईलवर दुकानाच्या ऑर्डरी टाकत होतो. ते बहुधा तुम्हाला दिसलं. तुम्ही मलाच पुढे बोलावलंत. “आज तुम्ही पेशंट,” म्हणालात. हातात डेमोचा इनहेलर दिलात आणि अगदी माझ्याच तालात बोललात, “सकाळ-संध्याकाळ दोन पफ. समजलं ना?” मी मान हलवली. “आता घेऊन दाखवा.”

बावीस वर्षं इनहेलर विकतोय. तरी हलवायचा विसरलो, आधी श्वास सोडला नाही, आणि दाबून झाल्यावर मग आत ओढला. खरं औषध असतं तर सगळं जिभेवर. सगळे हसले, मीही हसलो. एसटीत बसल्यावर मात्र हसू येईना. दम्याच्या किती माणसांनी माझ्यासमोर अशीच मान हलवली असेल?

रुग्णाला औषध समजावून सांगणं हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये आमचं कामच म्हणून लिहिलंय, हेही त्या दिवशी पहिल्यांदा कानावर पडलं. लाज वाटली.

‘समजलं ना?’ न म्हणता “घरी कशी घेणार, ते मला सांगा” असं विचारायचं, ही तुमची युक्ती मला तेव्हा नाटकीच वाटली होती. संध्याकाळी सातच्या गर्दीत कोण विचारत बसणार?

दिवाळीनंतर एक आजी आल्या. चिठ्ठी सांधेवाताची, त्यात मेथोट्रेक्सेट, आठवड्याला एक. मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली. पिशवी हातात देता देता तुम्ही आठवलात, म्हणून विचारलं, “आजी, कशी घेणार?”

“रोज एक, आठवडाभर. तूच म्हणालास न्हवं, आठवड्याची गोळी.”

पिशवी माझ्याच हातात राहिली. ही गोळी रोज पोटात गेली तर तोंड येतं, रक्तातल्या पेशी कमी होतात, जीवावर बेततं. मग दोघांनी मिळून वार ठरवला, सोमवार. आमच्या गावचा बाजार त्या दिवशी असतो. स्ट्रिप कापून चारच गोळ्या दिल्या, चार बाजारांच्या चार.

काउंटरच्या टोकाला आता एक स्टूल ठेवलंय. बायकांची औषधं चारचौघांत मोठ्यानं सांगत नाही, तिथं बसवून हळू सांगतो. पोऱ्यालाही बजावलंय, गोळ्या तू काढ, पण बोलायचं मी. गर्दीवर मात्र अजून उपाय सापडलेला नाही. सातच्या सुमाराला तोंडातून ‘समजलं ना?’ निसटतंच, आणि मग जीभ चावतो.

परवा सोमवारी त्या आजी भाजीची पिशवी घेऊन दुकानावरून चालल्या होत्या. मी काही विचारायच्या आत रस्त्यावरूनच ओरडल्या, “घेतली रे आजची!” हे तुमच्या कानावर घालायचं होतं.

आपला,
शेवटच्या रांगेतला विद्यार्थी